मोटारीच्या रंगाचे यांत्रिक पॉलिशिंग

मोटारीच्या रंगाचे यांत्रिक पॉलिशिंग ही मोटारीच्या बाह्य रंगथरावरील सूक्ष्म ओरखडे, पाण्याचे डाग, निस्तेजपणा यांसारखे दोष विजेच्या यंत्रावर बसवलेल्या पॅडच्या आणि अपघर्षक मिश्रणाच्या साहाय्याने घासून कमी करण्याची प्रक्रिया आहे. व्यावसायिक परिभाषेत तिला ‘पेंट करेक्शन’ म्हणतात. महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘रबिंग-पॉलिश’ किंवा ‘बफिंग’ हे शब्द अधिक रूढ आहेत. या प्रक्रियेत ओरखडा भरून निघत नाही. ओरखड्याच्या भोवतालचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो आणि त्यामुळे ओरखडा नाहीसा होतो. साहजिकच प्रत्येक यांत्रिक पॉलिशमध्ये रंगाचा काही अंश कायमचा खर्च होतो. कोणते पॉलिश आणि कोणते पॅड निवडावे हा प्रश्न म्हणूनच केवळ चकाकीचा नसून थर किती घासायचा आणि किती राखायचा याचा आहे.

रंगथराची रचना

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. सर्वांत खाली विद्युत्-निक्षेपणाने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, त्यावर रंगद्रव्य असलेला पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवरील या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईसाठी वापरला जाणारा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतल्यास मोटारीचा संपूर्ण रंग एका कागदाएवढाच जाड आहे याची कल्पना येते. त्यातील पारदर्शक थराचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्याहून कमी असतो. पॉलिशिंगचे सर्व काम या वरच्या थरात आणि तेही त्याच्या अगदी वरच्या भागात चालते.

पारदर्शक थरात सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. थर पातळ झाला की हे संरक्षणही घटते. अति घासलेल्या मोटारीचा रंग काही वर्षांनी छतावर व बॉनेटवर पांढुरका पडून पापुद्रे सुटू लागतात. असे पापुद्रे सुटल्यावर कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही; तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

जुन्या मोटारींवर वेगळा पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात असत. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या मोटारींचे मूळ रंग या प्रकारचे होते. असा रंग ओळखणे सोपे आहे: न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासले असता फडक्याला मोटारीचा रंग लागतो. पारदर्शक थर असलेल्या मोटारीवर फडके रंगत नाही. एकथरी रंग घासून संपला की थेट अस्तर दिसू लागते, म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या मोटारींच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मोटारीच्या आरंभीच्या काळात रंग ब्रशने लावला जाई आणि तो पूर्ण वाळण्यास अनेक दिवस लागत. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजवर आधारित लॅकर १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर प्रथम वापरला गेला. तो फवाऱ्याने मारता येई व झटपट वाळे. मात्र वाळल्यावर त्याला फारशी चमक नसे, ती घासून आणावी लागे. घासण्याची मिश्रणे आणि पॉलिशे यांचा मोटारव्यवसायातील प्रसार या लॅकरशी निगडित आहे. भारतात सुतार आणि रंगारी लाकडी सामानावर फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते याच व्यापारी नावावरून.

मेगायर्स ही अमेरिकी कंपनी १९०१ मध्ये लाकडी सामानाच्या पॉलिशपासून सुरू झाली आणि पुढे मोटारींच्या पॉलिशकडे वळली. २००८ मध्ये थ्रीएम कंपनीने ती विकत घेतली. पारदर्शक थर असलेले रंग १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाले आणि जुनी भरड मिश्रणे या नव्या, अधिक चिवट पृष्ठभागावर खोल चरे उमटवू लागली. आजची बारीक व समान कणांची पॉलिशे ही प्रामुख्याने या बदलाची परिणती आहे.

दोषांचे प्रकार

उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळाकार रेषांची नक्षी दिसते. या रेषा प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. पृष्ठभागावर सर्व दिशांना असंख्य बारीक ओरखडे असतात. त्यांपैकी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती विशिष्ट कोनात असलेलेच प्रकाश डोळ्यांकडे परावर्तित करतात आणि त्यामुळे वर्तुळांचा भास होतो. दिवा हलवला की ‘जाळे’ही त्याच्याबरोबर सरकते. हे ओरखडे बहुतांशी धुण्या-पुसण्यातून आलेले असतात व बारीक पॉलिशने निघतात.

रोटरी यंत्राच्या चुकीच्या वापराने उमटणाऱ्या लांबट, हलत्या सावल्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. गडद रंगावर त्या ठळकपणे दिसतात. एकेकटे खोल चरे हा वेगळा प्रकार आहे. बोटाचे नख आडवे फिरवले असता ते चऱ्यात अडकत असेल, तर तो चरा पूर्णपणे काढण्याचा प्रयत्न सहसा करू नये. त्याच्या कडा गोलसर करून तो कमी दिसेल एवढ्यावर थांबावे. पाण्याच्या डागांचे दोन प्रकार असतात. वरवर साचलेला क्षारांचा थर सौम्य आम्लयुक्त द्रावणाने विरघळतो, तर रंगात खळगा पाडलेला डाग घासावा लागतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हात तापलेल्या रंगावर राहिल्यास अशाच प्रकारचा खळगा पडतो आणि तो कित्येकदा पॉलिशच्या आवाक्याबाहेर असतो.

संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत हा दोष नसून फवारणीच्या वेळी रंग पुरेसा न पसरल्याचा परिणाम आहे. साध्या पॉलिशने तो जात नाही. तो काढण्यासाठी वॉटर पेपरने घासावे लागते व त्यात थराचा मोठा भाग खर्ची पडतो. कारखान्याच्या मूळ रंगावर हा उद्योग शहाणपणाचा ठरत नाही.

घासण्यामागील तत्त्व

काचेच्या पॉलिशिंगचा अभ्यास करताना एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेले सूत्र येथेही मार्गदर्शक ठरते. त्यानुसार निघणाऱ्या पदार्थाचे प्रमाण दाब आणि घासण्याचा सापेक्ष वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. पॉलिशमधील कण, पॅडचा पोत आणि घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाचे गुणधर्म हे सर्व सूत्रातील एका स्थिरांकात सामावतात. व्यवहारात हा स्थिरांक बदलणे म्हणजेच पॉलिश व पॅड बदलणे. दाब व वेग वाढवूनही तोच परिणाम काही अंशी साधता येतो. परंतु त्यासोबत उष्णता वाढते. रंगाचा वरचा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने ती तेथेच साठते, थर मऊ पडतो आणि अखेरीस करपतो. प्लास्टिकच्या बंपरवर हा धोका सर्वाधिक असतो, कारण खालचा पत्रा जशी उष्णता ओढून घेतो तसे प्लास्टिक घेत नाही. म्हणून काम होत नसल्यास हाताचा जोर वाढवण्यापेक्षा पॅड किंवा पॉलिश बदलणे श्रेयस्कर.

यंत्रांचे प्रकार

पॅड आणि पॉलिश यांची निवड यंत्रावर अवलंबून असते. रोटरी यंत्रात पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. मिनिटाला १,५०० फेऱ्या घेणाऱ्या १५० मिलिमीटर व्यासाच्या पॅडच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ११.८ मीटर असतो आणि मध्यबिंदूचा वेग शून्य. त्यामुळे हे यंत्र कडेला झपाट्याने घासते. सर्व कण एकाच दिशेने ओढले जात असल्याने होलोग्राम उमटण्याची शक्यताही यातच जास्त असते. कुशल कारागिराच्या हाती हे यंत्र अतिशय कार्यक्षम ठरते. नवशिक्याच्या हाती ते काही सेकंदांत कडेवरचा रंग उडवू शकते.

दुहेरी गतीच्या यंत्रात, म्हणजे ‘डीए’मध्ये, पॅड एका लहान वर्तुळात झोके घेते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मुक्तपणे फिरते. झोक्याच्या वर्तुळाचा व्यास ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. मिनिटाला ४,५०० झोके घेताना ८ मिलिमीटरच्या यंत्रात या झोक्याचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर, तर १५ मिलिमीटरच्या यंत्रात सुमारे ३.५ मीटर होतो. मोठ्या झोक्याची यंत्रे जलद काम करतात ती यामुळे. या प्रकारच्या यंत्रांचा प्रसार करण्यात मिलानजवळील रूपेस या इटालियन कंपनीच्या ‘बिगफूट’ मालिकेचा वाटा मोठा आहे. मुक्त फिरणाऱ्या पॅडवर जास्त भार दिल्यास किंवा ते तिरके धरल्यास त्याचे फिरणे थांबते व नुसती थरथर उरते. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवल्यास पॅड फिरते आहे की नाही हे काम करतानाच दिसते. दंतचक्रांच्या साहाय्याने सक्तीने फिरणारी यंत्रे तिसऱ्या प्रकारात मोडतात. जर्मनीतील फ्लेक्स कंपनीचे ८ मिलिमीटर झोक्याचे यंत्र हे त्यातील परिचित उदाहरण. (अँगल ग्राइंडरने कापण्याला जर्मन बोलीत या कंपनीच्या नावावरूनच ‘फ्लेक्सन’ असे क्रियापद रूढ झाले आहे.)

पॉलिश आणि त्यातील अपघर्षके

पॉलिश हे पाणी, तेले, पायसीकारक आणि अपघर्षक कण यांचे मिश्रण असते. कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. निसर्गात आढळणारे त्याचे स्फटिकरूप म्हणजे कुरुंद. धार लावण्याच्या दगडासाठी तो महाराष्ट्रात पूर्वापार परिचित आहे. ‘कोरंडम’ हे त्याचे इंग्रजी नावदेखील ‘कुरुविंद’ या संस्कृत शब्दाशी संबंधित भारतीय भाषांतील नावांवरून आले आहे. मोह्‌स मापश्रेणीवर त्याची कठीणता ९ असल्याने रंगाचा कोणताही थर त्याच्यापुढे मऊच ठरतो. त्यामुळे पॉलिशची तीव्रता कणाच्या कठीणतेपेक्षा त्याचा आकार, कणांचा समानपणा आणि मिश्रणातील त्यांचे प्रमाण यांवर ठरते.

कण दोन प्रकारे वागतात. काही पॉलिशांत ते लहान कणांचे पुंजके असतात. घासताना पुंजके फुटत जातात, आरंभी कापणी होते आणि शेवटी बारीक कण पृष्ठभाग गुळगुळीत करतात. असे पॉलिश अर्ध्यावर पुसून टाकल्यास न फुटलेल्या पुंजक्यांचे ओरखडे मागे राहतात, म्हणून त्याचे घासणे पूर्ण करावे लागते. दुसऱ्या प्रकारात कण आरंभापासूनच अतिसूक्ष्म व समान असतात आणि घासताना त्यांचा आकार फारसा बदलत नाही. मेगायर्सची एम१०५ व एम२०५ ही पॉलिशे या प्रकारची आहेत. येथे किती वेळ घासावे हे कण फुटण्यावर ठरत नाही. दोष गेला व पृष्ठभाग स्वच्छ झाला की थांबता येते, पॉलिश सुकून पावडर उडू लागण्यापूर्वी मात्र थांबलेच पाहिजे.

बाजारात पॉलिशची ढोबळमानाने तीन वर्गांत विभागणी होते. भरड कापणीचे मिश्रण म्हणजे कंपाउंड, त्याखालोखाल मध्यम पॉलिश आणि शेवटचा हात देण्याचे फिनिशिंग पॉलिश. तथापि या नावांना कोणतेही सामायिक प्रमाण नाही. एका कंपनीचे ‘मध्यम’ दुसऱ्या कंपनीच्या कंपाउंडइतके तीव्र असू शकते. क्रमांकांचीही तीच गत आहे. मेन्झेर्ना या जर्मन कंपनीच्या श्रेणीत ४०० हे तीव्र, २५०० मध्यम आणि ३५०० बारीक, म्हणजे क्रमांक वाढला की तीव्रता घटते. मेगायर्सच्या १०५ व २०५ या अंकांना मात्र असा मापाचा अर्थ नाही. वॉटर पेपरच्या क्रमांकाशी पॉलिशच्या क्रमांकाची तुलना करणे तर पूर्णपणे दिशाभूल करणारे आहे.

पॅडचे प्रकार

पॅड म्हणजे केवळ पॉलिश पसरवणारा बोळा नव्हे. तेच पॉलिश भरड पॅडवर आणि मऊ पॅडवर वापरले असता परिणाम इतका बदलतो की दोन वेगळी पॉलिशे वापरली आहेत असे वाटावे. फोमची पॅडे पॉलियुरेथेनची असतात. त्यांची तीव्रता फोमची ताठरता, छिद्रांचा आकार आणि छिद्रांच्या भिंतींचा चिवटपणा यांवर अवलंबून असते. मोठ्या, उघड्या छिद्रांच्या ताठ फोममधून हवा खेळते व कापणी जास्त होते. मऊ, बारीक छिद्रांचा फोम कणांना हलकेच टेकवतो.

लोकरीचे पॅड सर्वांत जलद कापते. प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे पृष्ठभागावर घासला जातो व तंतूंमधून हवा खेळत असल्याने कापणीच्या मानाने उष्णता कमी निर्माण होते. त्याच्या मागे धूसर ओरखडे राहतात, त्यामुळे त्यानंतर फोमच्या पॅडने दुसरा हात द्यावा लागतो. मायक्रोफायबरचे पॅड लोकर व फोम यांच्या मधले मानता येईल. ते दुहेरी गतीच्या यंत्रावर विशेष परिणामकारक ठरते. परंतु त्याचे आखूड तंतू निघालेल्या रंगाने लवकर चिकटून बसतात आणि मऊ रंगावर ते बारीक धुके सोडते.

पॅडच्या रंगांविषयीचा गैरसमज सर्वाधिक हानिकारक आहे. अनेक जण एखाद्या विशिष्ट रंगाचे पॅड ‘कापणीचे’ असे पाठ करून ठेवतात. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीची रंगयोजना स्वतंत्र असते. अमेरिकेतील लेक कंट्री कंपनीच्या परंपरागत फोम पॅडांत पिवळे पॅड सर्वांत तीव्र, नारिंगी हलक्या कापणीचे, पांढरे पॉलिशचे आणि काळे शेवटच्या हाताचे असते. रूपेसच्या श्रेणीत निळे भरड, हिरवे मध्यम, पिवळे बारीक आणि पांढरे अतिसूक्ष्म असते. मेगायर्सकडे गडद लाल कापणीसाठी, पिवळे पॉलिशसाठी व काळे शेवटच्या हातासाठी आहे. म्हणजे ‘पिवळे पॅड’ या दोन शब्दांचे तीन कंपन्यांत तीन अर्थ होतात. पॅड मागवताना रंग सांगण्याऐवजी कंपनी व दर्जा सांगणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पॅडचा आकार बॅकिंग प्लेटपेक्षा किंचित मोठा असावा, जेणेकरून प्लेटची कडा रंगाला लागणार नाही. मोठ्या सपाट भागांसाठी १२५ ते १५० मिलिमीटरचे, तर दरवाजाच्या मुठीखालील जागा, आरशांची आवरणे व खांब यांसाठी ७५ मिलिमीटरचे पॅड सोयीचे असते. जाड पॅडपेक्षा पातळ पॅड यंत्राची गती रंगापर्यंत अधिक चांगली पोचवते. म्हणून मोठ्या झोक्याच्या यंत्रांसाठी हल्ली पातळ पॅडे बनवली जातात.

रंगाची कठीणता

पारदर्शक थर सर्व मोटारींवर सारखा नसतो. जर्मन मोटारींचा रंग कठीण आणि जपानी मोटारींचा मऊ असे सर्रास सांगितले जाते. त्यात काही तथ्य असले तरी तो नियम नव्हे. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस सिरॅमिक सूक्ष्मकण असलेला, ओरखड्यांना अधिक दाद न देणारा पारदर्शक थर आणला. त्यानंतर दोन वर्षांनी जपानच्या निसानने बारीक ओरखडे आपोआप भरून येतील असा लवचिक थर जाहीर केला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांतील किंवा दोन वेगळ्या रंगछटांच्या मोटारी पॉलिशला वेगळा प्रतिसाद देऊ शकतात. अपघातानंतर पुन्हा रंगवलेला भाग उर्वरित मोटारीहून निराळा वागतो हे तर नेहमीचेच.

कठीण रंगावर दोष काढणे अवघड पण शेवटचा हात देणे सोपे असते. मऊ रंगावर नेमके उलट घडते. ओरखडे पटकन जातात, पण पॅड व पॉलिश स्वतःच नवे धुके उमटवतात आणि ते घालवण्यातच वेळ जातो. मऊ व काळा रंग ही यातील सर्वांत कठीण जोडी मानली जाते, कारण अशा पृष्ठभागावर मायक्रोफायबरच्या फडक्याचा जोरदार हातसुद्धा उमटतो.

पॉलिश व पॅड यांची जोडी निवडणे

निवड अंदाजाने होत नाही, ती चाचणीने होते. मोटार धुवून, चिकटलेले लोहकण व डांबर काढून आणि क्ले फिरवून पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ केल्यानंतर बॉनेट किंवा डिकीवर सुमारे ४५ सेंटिमीटरचा चौकोन चाचणीसाठी घेतात. स्वच्छतेची ही पायरी गाळल्यास सुटलेला धूलिकण पॅडखाली अडकून त्याचाच चरा पडतो. लोहकण काढणारे द्रावण लोहाशी अभिक्रिया होताच जांभळे पडते. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या मोटारींवर हा बदल विशेष ठळक दिसतो.

यानंतर रंगाची जाडी मोजली जाते. पोलादी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने व ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाने मोजणारी साधी मापके उपलब्ध आहेत. प्लास्टिकवर ती चालत नाहीत. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे महाग उपकरण लागते. साधे मापक सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते, पारदर्शक थराची वेगळी सांगत नाही. पुन्हा रंगवलेल्या भागावर आकडा २०० मायक्रॉनच्या पुढे जाऊ शकतो आणि लांबी भरलेली असल्यास त्याहून कितीतरी अधिक. मोठा आकडा म्हणजे घासायला मुबलक रंग असा अर्थ काढणे धोक्याचे आहे, कारण वाढलेली जाडी खालच्या लांबीची असू शकते. याउलट एखाद्या मूळ रंगाच्या भागावर आकडा ८० मायक्रॉनच्या आसपास आला, तर पूर्वी तेथे भरपूर घासकाम झाले असण्याची शक्यता धरून केवळ बारीक पॉलिशवर समाधान मानावे. वापरलेली मोटार विकत घेताना हे मोजमाप फार उपयोगी पडते. विक्रीपूर्वी घाईने केलेल्या रबिंगमुळे मोटार चमकते, पण तिच्या छतावर किती रंग उरला आहे हे चमकीवरून कळत नाही.

चाचणीची सुरुवात सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम व फिनिशिंग पॉलिशने करतात. चौकोनावर उभे-आडवे चार ते सहा हात फिरवून, पुसून, तीव्र प्रकाशात निरीक्षण करतात. दोष राहिल्यास आधी पॅड एका पायरीने तीव्र करावे आणि पॉलिश तेच ठेवावे. तेवढ्याने भागले नाही तर पॉलिश बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यास कोणत्या बदलाने काय साधले हे समजते. पॅड आणि पॉलिश दोन्ही एकदम बदलणारा कारागीर बहुधा गरजेपेक्षा तीव्र जोडीवर जाऊन पोचतो. समाधानकारक जोडी सापडली की तीच उर्वरित मोटारीवर वापरतात. प्लास्टिकचे व पुन्हा रंगवलेले भाग मात्र स्वतंत्रपणे तपासले जातात.

पुष्कळ मोटारींना मध्यम फोम पॅड आणि मध्यम पॉलिश यांचा एकच हात पुरतो. त्यात बहुसंख्य जाळीदार ओरखडे जातात आणि काही खोल चरे राहतात. रोजच्या वापराच्या मोटारीसाठी हा तोडगा सर्वांत योग्य म्हणावा लागेल. लोकर वा मायक्रोफायबर आणि कंपाउंडने पहिला हात व मऊ फोमने दुसरा हात देण्याची द्विस्तरीय पद्धत जास्त दोष काढते. सर्वसाधारणपणे भरड हातात काही मायक्रॉन, तर बारीक हातात मायक्रॉनहूनही कमी थर निघतो. ‘शंभर टक्के दोषमुक्त’ मोटारीची जाहिरात आकर्षक असली, तरी शेवटच्या थोड्या चऱ्यांसाठी सर्वांत जास्त रंग खर्च होतो.

चाचणीतील एक पायरी वारंवार गाळली जाते. अनेक पॉलिशांतील तेले व भरणद्रव्ये ओरखड्यांत बसून ते तात्पुरते झाकतात. मोटार लख्ख दिसते आणि दोन-तीन धुण्यांत ओरखडे पुन्हा वर येतात. म्हणून निरीक्षणापूर्वी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंवा खास पॅनेल वाइपने चौकोन पुसून घ्यावा. ग्राहकाच्या दृष्टीनेही ही साधी कसोटी आहे. काम पाहताना असा एक पुसणीचा हात आपल्यासमोर देण्याची मागणी त्याने करावी. प्रामाणिक कारागीर तिला नकार देत नाही.

काम करताना पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. यंत्र मंद वेगावर सुरू करून पॉलिश पसरवावे, मग वेग वाढवून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येईल अशा बेताने यंत्र फिरवावे. कडा, उंचवटे आणि घड्या यांवर रंग मुळातच पातळ असतो व पॅडचा सर्व भार तेथे एकवटतो. अशा जागा चिकटपट्टीने झाकून ठेवतात आणि शेवटी हाताने हलकेच पॉलिश करतात. रोटरी यंत्रात सैल ओढणी, बाही किंवा दोरी गुंडाळली जाऊ शकते. डोळ्यांना चष्मा व नाकाला मास्क असणे इष्ट.

महाराष्ट्रातील हवा, पाणी व वापर

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उघड्यावर उभ्या मोटारीचा पत्रा इतका तापतो की पॉलिश पसरण्यापूर्वीच सुकते व पावडर उडते. काम सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल अशा वेळी करावे लागते; तीव्र जोडी निवडून घाई करणे हा त्यावर उपाय नव्हे. कूपनलिकेचे पाणी ज्या भागांत जड आहे तेथे मोटार उन्हात धुवून तशीच वाळू दिल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे डाग राहतात.

शहरांतील गृहनिर्माण संस्थांत रोज पहाटे मोटारी कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने पुसून घेण्याची पद्धत आहे. एकाच बादलीतील पाणी व तेच फडके अनेक मोटारींवर फिरते. रात्रभर बसलेल्या धुळीतील वाळूचे कण या फडक्याखाली ओढले जातात आणि जाळीदार ओरखड्यांचे ते एक प्रमुख कारण आहे. हे पुसणे चालूच राहिले, तर पॉलिशने मिळालेली सफाई काही आठवड्यांत जाते आणि मोटार पुन्हा घासावी लागते. पॉलिशनंतर मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावतात. त्यामुळे घाण कमी चिकटते व धुणे सोपे होते. तथापि वाळूच्या कणापासून ओरखडा न पडण्याची हमी यांपैकी कशातही नाही.

पॅडची निगा

निघालेला रंग व सुकलेले पॉलिश पॅडमध्ये साठले की पॅड जड होते, तापते आणि त्याची तीव्रता बदलते. प्रत्येक चौकोनानंतर फोमचे पॅड नायलॉनच्या ब्रशने व मायक्रोफायबरचे पॅड दाबयुक्त हवेने साफ करतात. लोकरीसाठी खास दंतुर चक्र वापरतात. एका मोटारीसाठी एकाच दर्जाची निदान तीन-चार पॅडे हाताशी असावीत. एका पॉलिशसाठी वापरलेले पॅड न धुता दुसऱ्या पॉलिशसाठी वापरू नये, कारण भरड कण उरल्यास शेवटच्या हातातही चरे उमटतात. काम संपल्यावर पॅडे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावीत, पिळू नयेत, दाबून पाणी काढावे आणि पॉलिशची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवावीत, म्हणजे पाणी मागच्या चिकटवलेल्या थरात मुरत नाही. फोमच्या कडा फाटू लागल्या, मधला भाग दाबल्यावर पूर्ववत होईनासा झाला किंवा मागची वेल्क्रो सुटू लागली, की ते पॅड टाकून द्यावे.